प्लास्टिकची श्वासनलिका: स्टॉकहोमच्या पहिल्या पेशंटचं प्रकरण

या पेशंटचं नाव जगभरच्या पेपरांत फोटोसकट छापून आलंय, तरी मी ते इथे देत नाहीये, कारण मुद्दा तो माणूस नाहीये, त्याच्यासमोर जे निर्णय आले आणि बाकीच्यांनी त्याच्यासाठी जे निर्णय घेतले ते मुद्दा आहेत. डॉक्टर आणि संस्थांची नावं मात्र कोर्टाच्या आणि चौकशीच्या रेकॉर्डवर आहेत म्हणून ती दिलीत.

पार्श्वभूमी

पूर्व आफ्रिकेतला एक तरुण शिकायला आइसलँडला आला होता. वय तिशीच्या मध्यावर, बायको-मुलं मायदेशी. त्याला श्वासनलिकेत कॅन्सरची गाठ निघाली, हळू वाढणाऱ्या प्रकारातली. असल्या गाठी मुळात खूप कमी लोकांना होतात आणि बऱ्याचदा सुरुवातीला दमा समजून पंप आणि गोळ्यांवर महिनोन्‌महिने जातात, कारण आवाज तसाच येतो, छातीत शिट्टी वाजल्यासारखा, आणि छातीच्या साध्या एक्सरेत गाठ सहसा लक्षात येत नाही.

२००९ मध्ये आइसलँडला त्याचं ऑपरेशन झालं. छाती उघडली पण गाठ पूर्ण निघेना म्हणून जेवढी काढता आली तेवढी काढली आणि नंतर रेडिएशन दिलं. दोनेक वर्षं गेली. २०११ मध्ये गाठ पुन्हा वाढायला लागली. जागाही वाईट, अगदी खाली, जिथे श्वासनलिका दोन्ही फुप्फुसांकडे फुटते तिथेच आणि पुढे दोन्ही फांद्यांमध्ये.

आइसलँडच्या डॉक्टरांनी मग बाहेरच्या तज्ज्ञांना विचारलं. त्यातले एक पाओलो माक्कियारीनी, इटालियन सर्जन, तेव्हा नुकतेच स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्कामध्ये आलेले. त्यांचं नाव मोठं होतं, कारण २००८ मध्ये बार्सिलोनात त्यांनी मृत दात्याची श्वासनलिका घेऊन, तिच्यातल्या दात्याच्या पेशी धुऊन काढून, तिच्यावर पेशंटच्या पेशी लावून एका तरुणीला बसवली होती आणि ती बातमी सगळीकडे गाजली होती. कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूट म्हणजे जिथे मेडिसिनचं नोबेल ठरतं ती जागा. अशा ठिकाणाहून "आपण करू शकतो" असं उत्तर आलं की पेशंटला काय आणि त्याला पाठवणाऱ्या डॉक्टरांना काय, शंका घ्यायला फार जागाच उरत नाही.

अडचण नेमकी कुठे आहे

हा भाग मी जरा लांबवणार आहे, कारण तो समजला नाही तर पुढचं सगळं फक्त एका वाईट डॉक्टरची गोष्ट वाटेल.

मोठ्या माणसाची श्वासनलिका साधारण १० ते १२ सेंटीमीटर लांब असते. समोरून आणि बाजूने सी आकाराच्या कूर्चेच्या १८ ते २२ कड्या, मागची बाजू मऊ पडद्याची, त्याला लागून अन्ननलिका. कड्यांमुळे श्वास आत ओढताना नळी चपटी होत नाही, आणि मागच्या मऊ भागामुळे खोकताना ती आवळता येते. आतून जे अस्तर असतं त्यावर सूक्ष्म केस असतात, ते सतत हलत राहतात आणि कफ, धूळ, जंतू वर घशाकडे ढकलत राहतात. हे काम चोवीस तास चालू असतं, आपल्याला कळतही नाही. नळीचा एखादा तुकडा असा असला की जिथे हे केस नाहीत, तिथे कफ साचतो, साचलेल्या कफात जंतू वाढतात, आणि खोकून काढायला नळी आवळतही नसेल तर मग दर थोड्या दिवसांनी दुर्बीण घालून साफ करावं लागतं.

पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रक्तपुरवठा. किडनी किंवा लिव्हर बसवताना एक धमनी, एक शीर धरून जोडता येते. श्वासनलिकेला असा एक ठळक देठच नाही, मानेतून आणि छातीतून येणाऱ्या बारीक बारीक रक्तवाहिन्या दोन्ही बाजूंनी तुकड्या-तुकड्याने तिला रक्त देतात. त्यामुळे दात्याची श्वासनलिका काढून थेट दुसऱ्याला लावली तर ती जगत नाही. आणि ही जागा शरीराच्या आत असूनही बाहेरच्या हवेला उघडी आहे, दर श्वासाला जंतू येतात, म्हणजे परक्या वस्तूला इथे निर्जंतुक कोपरा मिळतच नाही.

म्हणून गेल्या ५०-६० वर्षांत सर्जन लोकांनी सगळ्यात जास्त भरवसा ठेवला तो खराब भाग कापून उरलेली दोन टोकं एकमेकांना शिवण्यावर. अमेरिकेत हर्मिस ग्रिलो यांनी हे तंत्र खूप पुढे नेलं. मोठ्या माणसात साधारण निम्म्या लांबीपर्यंत नळी कापून जोडता येते, मान पुढे वाकवून ठेवायची, हनुवटी छातीकडे टाका घालून काही दिवस बांधून ठेवायची, स्वरयंत्र आणि फुप्फुसाची मुळं थोडी सैल करून घ्यायची, म्हणजे टाक्यांवर ताण येत नाही. लहान मुलांत हीच मर्यादा साधारण एक तृतीयांश धरतात. आपल्याकडे व्हेंटिलेटरवर बरेच दिवस राहिलेल्या पेशंटची नळी आतून आवळते, त्या अडचणीतले बरेचसे लोक याच ऑपरेशनने किंवा मानेतून टी-ट्यूब (टी आकाराची नळी) ठेवून सावरतात, तेव्हा हे वाचून कोणी घरच्या पेशंटबद्दल घाबरून जाऊ नका, ती वेगळी गोष्ट आहे.

अडचण येते ती निम्म्याच्या पुढे. किंवा गाठ दुभाजकावर, म्हणजे नळी जिथे दोन फांद्यांत फुटते तिथे असेल तेव्हा. किंवा रेडिएशन होऊन गेलेलं असेल तेव्हा, कारण शेकलेली ऊती नीट भरून येत नाही. या पेशंटच्या बाबतीत शेवटच्या दोन्ही गोष्टी होत्या, आणि गाठही लांब होती.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय कापून जोडणं. गाठीची जागा आणि लांबी बघता तो बाद झाला, आणि यावर फारसा वाद नाही.

दुसरा पर्याय म्हणजे गाठ बरी न करता श्वासाची वाट उघडी ठेवणं. दुर्बिणीतून लेझरने गाठ छाटायची, स्टेंट घालायचा, गरज पडेल तेव्हा पुन्हा छाटायची. कानाला हे हरल्यासारखं लागतं, पण हळू वाढणाऱ्या गाठीत अशाने बराच काळ काढता येतो, आणि तो काळ घरच्यांसोबत काढता येतो.

तिसरा पर्याय बार्सिलोनासारखा, दात्याची धुतलेली श्वासनलिका. त्यासाठी योग्य मापाचा दाता मिळायची वाट बघावी लागते.

चौथा पर्याय आजवर कोणी माणसात केलेला नव्हता, पेशी लावलेली पूर्ण कृत्रिम नळी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या लॅबने पेशंटच्या सीटी स्कॅनच्या मापाने वाय आकाराचा प्लास्टिकसारख्या पॉलिमरचा सांगाडा करायचा, त्यावर पेशंटच्याच अस्थिमज्जेतून काढलेल्या पेशी टाकायच्या, एका फिरत्या यंत्रात दीड दिवस तो पेशींच्या द्रवात घोळवायचा आणि मग छातीत बसवायचा. दाता नको, वाट बघणं नको, आयुष्यभराची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं नकोत. कागदावर सगळंच छान.

यातली गृहीत धरलेली गोष्ट ही की पेशी सांगाड्यावर धरतील, त्यांचं अस्तर होईल आणि आजूबाजूने रक्तवाहिन्या आत शिरतील. आंब्याचं कलम बांधताना खाली जिवंत खुंट लागतो, खुंटातून रस वर चढतो म्हणून डोळा फुटतो, इथे वाळल्या काठीवर डोळे बांधून काठीच हिरवी होईल अशी आशा होती. हे माणसाआधी एखाद्या मोठ्या प्राण्यात करून बघायला हवं होतं. ते केलेलं नव्हतं.

काय केलं

९ जून २०११ ला स्टॉकहोममध्ये ऑपरेशन झालं, जवळपास १२ तास. गाठीसकट श्वासनलिका आणि फांद्यांचा भाग काढला, कृत्रिम वाय जागेवर शिवला. पेशंट यातून बाहेर आला, महिन्याभराने हॉस्पिटलमधून सुटला आणि आइसलँडला परतला. जगातलं पहिलं कृत्रिम श्वासनलिका रोपण म्हणून बातम्या झाल्या.

ज्या गोष्टी केल्या नाहीत त्या जास्त महत्त्वाच्या आहेत. स्वीडनच्या एथिक्स कमिटीची परवानगी घेतलेली नव्हती, औषध नियामकाकडेही गेलेले नव्हते. हे संशोधन नसून एका मरणाच्या दारातल्या पेशंटला वाचवायचा उपचार आहे अशी भूमिका घेतली गेली. मला या सगळ्या प्रकरणात हा दरवाजा सर्वात धोकादायक वाटतो, कारण त्यातून आत शिरलं की कुठलंच पाऊल कोणाला दाखवावं लागत नाही, आणि तरी पुढे त्याच ऑपरेशनवर संशोधनाचा पेपर मात्र लिहिता येतो.

तो पेपर नोव्हेंबर २०११ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. पाच महिन्यांनंतर पेशंटला काही त्रास नाही आणि नळी आतून भरून येतेय असं चित्र त्यात होतं. त्याच महिन्यात, पहिल्या पेशंटचं पुढे काय होतंय हे बघायच्या आत, दुसऱ्या पेशंटवर तेच ऑपरेशन झालं.

पुढे काय झालं

पहिल्या पेशंटची तब्येत पेपरात लिहिल्यासारखी नव्हती. जोडाच्या जागी दाणेदार मांस वाढून वाट बंद व्हायची, इन्फेक्शन व्हायचं, नळी उघडी ठेवायला स्टेंट टाकावे लागले, पुन्हा पुन्हा दुर्बीण, पुन्हा पुन्हा स्टॉकहोमच्या फेऱ्या. यातच ऑपरेशनला एक वर्ष झालं म्हणून आइसलँडच्या विद्यापीठात कार्यक्रम झाला आणि त्याला लोकांसमोर आणलं गेलं. जानेवारी २०१४ मध्ये तो गेला, म्हणजे ऑपरेशननंतर अडीच वर्षांनी. शवविच्छेदनात फुप्फुसात जुनाट इन्फेक्शन, रक्ताची गुठळी आणि जागेवरून सुटलेली कृत्रिम नळी सापडली.

दुसरा पेशंट, अमेरिकन तरुण, मार्च २०१२ मध्येच गेला होता. तिसरी पेशंट तुर्कस्तानातली तरुणी, तिचं ऑपरेशन ऑगस्ट २०१२ मध्ये, म्हणजे दुसऱ्याच्या मृत्यूनंतर. ती हाताला येणाऱ्या घामाच्या साध्या ऑपरेशनमधून झालेल्या इजेमुळे इथवर आली होती. तिच्यावर पुढे इतकी ऑपरेशनं झाली की वाचवत नाही, २०१७ मध्ये ती गेली. याच काळात रशियातल्या क्रास्नोदारमध्येही अशा नळ्या बसवल्या गेल्या, तिथली पहिली पेशंट तर मानेतल्या छिद्रातून श्वास घेत जगत होती, तिला जिवाचा तातडीचा धोका नव्हता. अमेरिकेत २०१३ मध्ये दोन वर्षांच्या एका मुलीला नळी बसवली, ती तीन महिन्यांत गेली.

हॉस्पिटलने २०१३ मध्ये ही ऑपरेशनं थांबवली. पण सत्य बाहेर यायला त्यानंतर वर्षं लागली. कॅरोलिन्स्कातल्याच चार डॉक्टरांनी, जे या पेशंटना रोज बघत होते, केसपेपर आणि छापलेले पेपर शेजारी ठेवून जुळवले आणि २०१४ मध्ये तक्रार केली. बेल्जियमच्या ल्यूव्हनचे सर्जन पिएर डेलारे यांनी तर आधीपासून सांगितलं होतं की रक्तपुरवठ्याशिवाय हे शक्यच नाही, त्यांनीही तक्रार दिली. २०१५ मध्ये बाहेरचे तपासनीस बेंगट गेर्दीन यांनी गैरप्रकार झाल्याचा निष्कर्ष काढला, तरी कुलगुरूंनी त्याच वर्षी माक्कियारीनींना निर्दोष ठरवलं. जानेवारी २०१६ मध्ये स्वीडिश टीव्हीवर माहितीपट आला, लोकांनी दुर्बिणीतली दृश्यं डोळ्यांनी पाहिली, मग कुलगुरूंचा राजीनामा आणि मार्चमध्ये माक्कियारीनींची हकालपट्टी. २०११ चा लॅन्सेट पेपर २०१८ मध्ये मागे घेतला गेला, आणि २०२३ मध्ये बार्सिलोनाचा २००८ चा पेपरही, म्हणजे ज्या यशावर हे सगळं उभं होतं तेच गेलं.

२०२२ मध्ये स्वीडनच्या खालच्या कोर्टाने स्टॉकहोमच्या तीनपैकी एकाच प्रकरणात दोषी धरून निलंबित शिक्षा दिली. जून २०२३ मध्ये वरच्या कोर्टाने तिन्ही पेशंटच्या बाबतीत गंभीर शारीरिक इजा केल्याबद्दल अडीच वर्षांची कैद सुनावली. ही ऑपरेशनं शास्त्र आणि सिद्ध अनुभवाला धरून नव्हती, आणि त्यांच्याशिवाय हे पेशंट बऱ्यापैकी काळ जगू शकले असते, असं कोर्टाने म्हटलं. माक्कियारीनींनी आरोप शेवटपर्यंत नाकारले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने अपील ऐकायला नकार दिला.

निर्णय कुठे वळले

पहिलं वळण म्हणजे "दुसरा काही मार्गच नाही" हे वाक्य. बरा करायचा दुसरा मार्ग नव्हता हे खरं, पण श्वास चालू ठेवायचा मार्ग होता. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या गेल्या. पेशंटला जर कोणी शांतपणे बसून सांगितलं असतं की लेझर आणि स्टेंटवर तुला साधारण असा काळ मिळू शकतो, त्यात असे असे त्रास होतील, आणि ही नवी नळी आजवर कुठल्या माणसातच काय, मोठ्या प्राण्यातही बसवलेली नाही, तर त्याने काय निवडलं असतं? कदाचित ऑपरेशनच निवडलं असतं, लहान मुलं असलेला तरुण बाप जोखीम घेऊ शकतो. पण ती निवड त्याची झाली असती. आणि हे सांगणारा माणूस ऑपरेशन करणारा सर्जन नको, ज्याला त्यात काही मिळवायचं नाही असा कोणीतरी हवा.

दुसरं वळण एथिक्स कमिटी. लोक म्हणतात कमिट्या वेळ खातात, पेशंट तोवर मरतो. इथे गाठ हळू वाढणारी होती, नळी मापाने बनवून घ्यायला वेळ होता, मग प्राण्यांवरच्या चाचण्या कुठे आहेत एवढा एक प्रश्न ऐकायला वेळ नव्हता हे पटत नाही.

तिसरं वळण मला सगळ्यात जास्त टोचतं, ते म्हणजे पहिल्यानंतर न थांबणं. पहिलं ऑपरेशन एखादा माणूस आशेपोटी माफ करेलही. पण पहिला पेशंट समोर धडपडतोय, त्याला स्टेंट लागतायत, आणि तुम्ही दुसरा घेता, दुसरा काही महिन्यांत जातो आणि तुम्ही तिसरी घेता. नवीन पद्धत असेल तर आधीच लिहून ठेवायला हवं की पहिल्या पेशंटच्या नळीला रक्तपुरवठा आल्याचं, अस्तर धरल्याचं बायोप्सीत दिसल्याशिवाय दुसरा घ्यायचा नाही, अमुक दिसलं की थांबायचं, आणि ते ठरवणारे लोक टीमच्या बाहेरचे हवेत. रोज दुर्बीण घालणाऱ्या ज्युनियर डॉक्टरला, आयसीयूतल्या नर्सला जे दिसतं ते वरपर्यंत जायची वाट हवी, आणि तक्रार केली म्हणून त्यांच्यावरच बालंट येणार नाही याची खात्री हवी.

पाठवणाऱ्या डॉक्टरांबद्दलही एक गोष्ट. पेशंट मोठ्या सेंटरला पाठवला की आपलं काम संपलं असं आपल्याकडेही होतं. पण पेशंटला सगळ्यात जास्त ओळखणारा डॉक्टर तोच असतो, तिथे नेमकं काय करणार आहेत, कशाच्या आधारावर, हे त्यानेच विचारायचं असतं.

शास्त्राच्या बाजूने वेगळं काय होऊ शकलं असतं

रक्तपुरवठा आधी, नळी नंतर, हा क्रम धरून काम करणारे लोक तेव्हाही होते. डेलारे यांनी दात्याची श्वासनलिका आधी पेशंटच्याच हातात, कोपराच्या पुढच्या भागात गुंडाळून काही महिने ठेवली, तिथल्या ऊतीतून तिला रक्तवाहिन्या फुटल्या, आतून पेशंटच्या तोंडातलं अस्तर लावलं आणि मग ती रक्तवाहिन्यांसकट मानेत नेली. हे काम २०१० मध्ये प्रसिद्ध झालं, म्हणजे स्टॉकहोमच्या ऑपरेशनच्या आधी. त्यात नळीचा पूर्ण गोल नव्हे तर काही भागच बदलता येतो, आणि सुरुवातीला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागतात. फ्रान्समध्ये एमान्युएल मार्तिनो यांनी गोठवून ठेवलेल्या महाधमनीचा तुकडा स्टेंटवर बसवून वापरला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले, काही पेशंटचे स्टेंट नंतर काढताही आले. जानेवारी २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमध्ये एरिक गेंडेन यांच्या टीमने दात्याची पूर्ण श्वासनलिका तिच्या बारीक रक्तवाहिन्यांसकट उचलून, त्या जोडून, १८ तासांत बसवली. पेशंट होती गंभीर दम्यामुळे वारंवार नळी घालावी लागून श्वासनलिका खराब झालेली एक स्त्री.

पण त्या पद्धतीत पेशंटच्या शरीराने दात्याची नळी स्वीकारावी म्हणून औषधं चालू ठेवावी लागतात, आणि प्रतिकारशक्ती दाबली की कॅन्सर परत डोकं वर काढायची भीती असते. त्यामुळे ज्याची गाठ रेडिएशननंतरही वाढत होती अशा आपल्या पेशंटला ती २०२१ मध्येही सहज देता आली नसती, डेलारेंच्या पद्धतीतही गाठ खाली दुभाजकावर असल्याने हात टेकावे लागले असते. त्याच्यासाठी २०११ मध्ये खरोखर हातात असलेली गोष्ट एकच होती, लेझर, स्टेंट, दर काही आठवड्यांनी दुर्बीण, आणि त्यातून मिळणारा वेळ. तो किती मिळाला असता हे सांगता येणार नाही, पण तो त्याला देऊ करायला हवा होता.